कुंभारणीची माती

१ जून २०२४, शनिवार

आजची तारीख मी विसरत नाही. २००९ साली रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान याच तारखेला अटलांटिकमध्ये गेलं. २२८ माणसं होती. मी तेव्हा लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. पिटो ट्यूब म्हणजे आकृतीसह येणारा एक प्रश्न, एवढीच माझी तिच्याशी ओळख. दोन वर्षांनी जवळजवळ ३,९०० मीटर खोल तळातून रेकॉर्डर वर आले, पुढे अहवाल आला आणि तो मी रात्रभर जागून वाचला. एअरबस ए-३३० ला नाकाजवळ वेगासाठी तीन पिटो नळ्या असतात. ३५,००० फुटांवर बर्फाचे बारीक कण तिन्हींत जवळपास एकाच वेळी साचले. जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले, ऑटोपायलटने काम सोडलं आणि विमान माणसांच्या हातात आलं. रात्रीच्या अंधारात नाक वर ओढलं गेलं. नळ्या मोकळ्या झाल्या, वेग पुन्हा बरोबर दिसू लागला, पण तोवर पंखांची उचल सुटून विमान स्टॉलमध्ये गेलं होतं. ऑटोपायलट सुटल्यापासून पाण्यापर्यंत साडेचार मिनिटंसुद्धा नाहीत.

सकाळी आमच्या उड्डाणशाळेचं हँगर उघडल्यावर आधी चारही सेसनांच्या डाव्या पंखाखाली वाकून पिटोची लाल कव्हरं तपासली. तीन नंबरच्या विमानाच्या कव्हराची फीत उसवलीय. नवीन मागवायला लिहून दिलं.

४ जून, मंगळवार

निवडणुकीच्या निकालाचा दिवस. ऑफिसातला टीव्ही सकाळपासून मोठ्याने चालू आहे, हँगरमध्ये मी आणि मदतीला असणारे मामा. नाशिककडची एक ट्रेनी तेवढी आली, तिला फक्त उड्डाणाची पडली होती.

आज क्यू.एन.एच., म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब, १००४. अल्टिमीटरच्या छोट्या खिडकीत हा आकडा लावला की सुईने आमच्या मैदानाची उंची दाखवायची, १,९०० फुटांच्या आसपास. तिने लावला, सुई ६० फूट कमी. मी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारली, तशी ती वीसेक फूट सरकली. आत पातळ पत्र्याच्या डब्या असतात, हवा काढून बंद केलेल्या. बाहेरचा दाब कमी झाला की त्या फुगतात, वाढला की बसतात. केसभर हालचाल दात्यांच्या चाकांनी मोठी होऊन सुईपर्यंत जाते. त्या साखळीत थोडं घर्षण असतंच.

तिने विचारलं, "मॅडम, हा आकडा बदललाच नाही तर?"

तिलाच हिशेब करायला लावला. खालच्या हवेत एक हेक्टापास्कल म्हणजे साधारण २७-२८ फूट. खिडकीत १०१३ तसेच राहिले तर नऊचा फरक, म्हणजे सुई अडीचशे फूट जास्त सांगणार. धुक्यात, डोंगराच्या बाजूला, ते अडीचशे फूट खाली असायला हवेत आणि नसतात.

या खिडकीवर माझा जीव आहे. पॉल कोल्समन नावाच्या, जर्मनीत जन्मून अमेरिकेत गेलेल्या माणसाने १९२८ मध्ये इतकं नाजूक अल्टिमीटर बनवलं की त्यावर विसंबून उतरता यावं. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९२९ ला, न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेरचं काहीही न बघता विमान उडवलं आणि उतरवलं. त्याच्यापुढे हे अल्टिमीटर होतं.

वर गेल्यावर मात्र सगळी विमानं १०१३.२५ हाच आकडा लावतात. खरा दाब काहीही असो. त्यामुळे प्रत्येकाची उंची थोडी चुकते, पण सगळ्यांची सारखीच चुकते आणि दोन विमानांमधलं अंतर टिकतं. सगळ्या गावाची घड्याळं दहा मिनिटं पुढे असली तरी एस.टी. कुणाची चुकत नाही. हे उदाहरण तिला पटलं.

७ जून, शुक्रवार

पोरांना वर्गात बर्नुलीचं सूत्र पाठ करून दिलंय. वेगाच्या वर्गाला घनतेच्या निम्म्याने गुणायचं. पाठ सगळ्यांना आहे, दिसलेलं कुणालाच नाही. म्हणून गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी दुकानातून आणली, इंग्रजी 'यू'सारखी वाकवून फळीवर ठोकली, आत निळ्या शाईचं पाणी भरलं, शेजारी मोजपट्टी चिकटवली. एक टोक टी-जोडाने पिटोच्या तोंडाला आणि सिरिंजला. सिरिंजचा दट्ट्या अगदी हळू दाबायचा, कारण इथे घाई केली तर आतला डायफ्रॅम जातो.

पाणी दोन्ही बाजूंत मिळून सहा सेंटिमीटर सरकलं तेव्हा कॉकपिटमधून आवाज आला, "साठ!"

साठ नॉट म्हणजे ताशी १११ किलोमीटर. सहा सेंटिमीटर पाणी. पोरं काही वेळ बोललीच नाहीत. मग चोवीस सेंटिमीटरपर्यंत नेलं. "एकशेवीस!" वेग दुप्पट, पाणी चौपट. आणि तीस नॉटला? दीडच सेंटिमीटर. कमी वेगाला सुई का डळमळते, तिच्यावर तिथे का विसंबू नये, ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

आँरी पिटोने १७३२ मध्ये पॅरिसच्या सेन नदीत हेच केलं होतं. काचेची वाकवलेली नळी प्रवाहाकडे तोंड करून बुडवायची, पाणी किती चढतं ते बघायचं. त्याला नदीचा वेग हवा होता. विमानं यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

वेग हा शब्द घड्याळाच्या तबकडीवर छापलेला आहे, यंत्राला तो ठाऊक नाही. त्याला दोन दाब कळतात. समोरून आत घुसणाऱ्या हवेचा एक, आणि बाजूच्या स्टॅटिक पोर्टमधून मिळणारा, शांत हवेचा दुसरा. दोहोंतला फरक डायफ्रॅमला फुगवतो. तबकडीवरचे नॉट हे समुद्रसपाटीच्या, १५ अंशांच्या हवेसाठी आखलेले. आमच्या मैदानावर ४० अंशांच्या दुपारी सुई ६५ दाखवते तेव्हा विमान हवेतून ७० ने चाललेलं असतं. पंखाला त्याने फरक पडत नाही, कारण पंखालाही दाबच लागतो. त्याच्यासाठी सुईचे ६५ हेच खरे. धावपट्टीला पडतो. म्हणून मे महिन्यात पोरं लांब उतरतात आणि आपलं काय चुकलं ते शोधत बसतात.

शिवाय नळी आणि भोक कुठे बसवलंय त्याचीही चूक असते. विमानाचं नाक वर असलं की हवा नळीत तिरकी शिरते. सेसनाच्या हँडबुकात त्याचा तक्ता आहे. कमी वेगाला सुई खऱ्यापेक्षा काही नॉट कमी सांगते. माहीत असलेल्या चुकीची मला भीती वाटत नाही. तिचा तक्ता करता येतो.

९ जून, रविवार

पाऊस. दुपारभर कोसळला. उड्डाणं बंद. चारही विमानं बांधून ठेवली.

१२ जून, बुधवार

हात अजून थरथरतोय. तरी आजचं आजच लिहायला हवं.

दोन दिवसांच्या पावसानंतर सकाळी उघडलं. तीन नंबरच्या विमानाला कव्हर नव्हतं. फीत तुटून ते वाऱ्याने गेलं होतं, मामांना कुंपणापाशी सापडलं. मी पिटोत वाकून पाहिलं. पाहिलं असं मला वाटतं. टॉर्च नव्हता. दैनंदिन तपासणीच्या कागदावर सही माझी आहे.

सव्वानऊला नाशिकची पोरगी एकटी निघाली. तिसरी सोलो. हँगरमधल्या रेडिओवर तिचा आवाज ऐकत होते. इंजिनाचा आवाज चढला, धावपट्टीवर विमान सुटलं, आणि मध्येच आवाज बसला. मग ती, अगदी सपाट स्वरात: टेक-ऑफ सोडून देतेय.

परत आली तेव्हा ओठ कोरडे पडले होते. "मॅडम, सुई हललीच नाही. मी 'एअरस्पीड अलाइव्ह' म्हणायला तोंड उघडलं आणि ती शून्यावरच."

टॉर्च घेऊन पंखाखाली झोपले. नळीच्या तोंडाशी, बोटाच्या पेरभर आत, ओल्या मातीची गुळगुळीत भिंत. कुंभारीण. आम्ही लहानपणी दाराच्या चौकटीवर तिची घरं बघायचो, आई पाडू द्यायची नाही. पेन्सिल जेमतेम शिरेल एवढं ते भोक, तिला अगदी मापाचं.

वेगाच्या यंत्राच्या मागून पाइप सोडवला, म्हणजे फुंकर यंत्राकडे जाणार नाही, आणि आतून बाहेर हलकी हवा दिली. मातीचा तुकडा पांढऱ्या रुमालावर पडला. मागोमाग तीन हिरव्या अळ्या. मेलेल्या नव्हत्या, डंख मारून बधिर केलेल्या, पिल्लासाठी ठेवलेली शिदोरी. खालचं पाणी निथळायचं भोकही बंद होतं. बारीक तारेने मोकळं केलं.

स्नॅग शीटवर सगळं लिहिलं. कव्हर नव्हतं हेही. टॉर्च नव्हता हेही.

१३ जून, गुरुवार

झोप लागली नाही. रात्री वहीत आकडे मांडले.

समजा तिने सोडून दिलं नसतं. उडाल्यावर सुई येईल जागेवर, असं म्हणून पुढे गेली असती. नळी दोन्ही भोकांनी बंद, आत जमिनीवरचा दाब कोंडलेला. विमान चढतं, स्टॅटिक पोर्टमधला दाब उतरतो. यंत्राला फरक दिसतो आणि ते त्याला वेग म्हणतं. ५०० फूट चढल्यावर सतराच्या आसपास हेक्टापास्कलचा फरक. तबकडीवर १०० नॉट! १,००० फुटांवर १४० च्या वर. विमान प्रत्यक्षात पंचाहत्तरने चढत असताना. पोरीला वाटलं असतं, वेग फार वाढतोय. तिने नाक वर केलं असतं. चढ वाढला की आकडा आणखी वाढला असता. तिने आणखी ओढलं असतं.

बंद पडलेलं यंत्र बरं. शून्यावर बसलेली सुई आपण खोटी म्हणून बाजूला ठेवतो. ही सुई हलते, चढते, अगदी जिवंत दिसते. ती उंची मोजत असते आणि तबकडीवर मात्र वेगाचे आकडे असतात.

हे घडलेलं आहे. ६ फेब्रुवारी १९९६, डोमिनिकन रिपब्लिकमधलं पुएर्तो प्लाता, बिर्गेनएअरचं बोइंग ७५७. तीनेक आठवडे उभं असलेलं विमान, पिटोला कव्हरं नाहीत. धावपट्टीवरच कॅप्टनच्या लक्षात आलं की आपली वेगाची सुई चालत नाही, तरी उड्डाण पुढे गेलं. वर चढू लागल्यावर सुई जागी झाली आणि वाढतच गेली. ऑटोपायलटही तिच्याच सांगण्यावर नाक उचलत राहिला. सहवैमानिकाची सुई उलट उतरत होती, आणि तीच बरोबर होती. पाच मिनिटांत विमान समुद्रात. १८९ जण गेले. नळ्या हाती आल्या नाहीत, पण तपास करणाऱ्यांचा संशय माती लिंपणाऱ्या माशीवरच होता.

आणि माशीला आठवडे लागतात असंही नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एक एअरबस दोनेक तास जमिनीवर उभी होती. तेवढ्यात कॅप्टनच्या बाजूच्या पिटोत घर झालं. उडालेलं विमान मदत मागत परतलं.

सकाळी चीफ इन्स्ट्रक्टरांसमोर बसले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "पोरीने शिकवलेलं केलं. तुम्ही?" मी म्हटलं, टॉर्चशिवाय मी यापुढे सही करणार नाही. त्यांनी मान हलवली.

दुपारी मामांनी विचारलं, "ताई, मग वर गेल्यावर कळलं तर करायचं काय?" त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. सुई सोडायची. इंजिन अमुक इतकं आणि नाक अमुक इतकं ठेवलं की विमान तमुक वेगानेच जातं, हा करार नळीला विचारून झालेला नाही. ते दोन आकडे पोरांच्या हातात आधीपासून बसलेले हवेत.

१७ जून, सोमवार

विमानं धुतली. चिखल फार झाला होता.

धुताना स्टॅटिक पोर्टवर पट्टी लावावी लागते, नाहीतर पाणी आत जातं. ही पट्टी मी कुणालाही लावू देत नाही. भडक केशरी रंगाची, हातभर शेपूट सोडलेली. किती लावल्या ते फळ्यावर लिहायचं, काढल्यावर प्रत्येक पट्टी फळ्यालाच चिकटवायची. आज चार लावल्या, चार चिकटल्या.

२ ऑक्टोबर १९९६ च्या मध्यरात्रीनंतर लिमाहून सँतियागोला निघालेल्या एरोपेरूच्या ७५७ चे पोर्ट असेच साफसफाईसाठी झाकले होते. पट्टी पत्र्याच्याच रंगाची होती, काढायची राहिली. वेग, उंची, चढ-उताराचा दर, सगळंच त्या भोकांवर अवलंबून. अंधारात, खाली समुद्र, एका यंत्राचं दुसऱ्याशी जुळत नाही, फार वेगाची आणि फार कमी वेगाची सूचना एकाच वेळी वाजतेय. वैमानिकांनी टॉवरला विचारलं, तुमच्या पडद्यावर आमची उंची किती? उत्तर आलं, ९,७०० फूट. त्यांच्या कॉकपिटमध्येही तेच होतं. दोन्हीकडे सारखा आकडा, म्हणून तो खरा वाटला. पण रडारच्या पडद्यावरचा उंचीचा आकडा विमानच पाठवतं, त्याच झाकलेल्या भोकांतून घेतलेला. आपलाच आवाज विहिरीतून परत येतो तसा. पंख पाण्याला लागला तेव्हाही अल्टिमीटर तिथेच होतं. सत्तर माणसं.

हा प्रसंग मी दर बॅचला सांगते आणि दर वेळी त्या ९,७०० पाशी माझा आवाज अडतो. त्यांनी विचारायला हवं तेच विचारलं होतं.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. फाटकाबाहेरच्या वडाला सकाळीच सूत गुंडाळलेलं. साडी नेसून गेले, मग हँगरमध्ये येऊन कपडे बदलले.

एक नंबरच्या विमानाचा स्नॅग: अल्टिमीटर उशिरा सरकतं, उतरताना अडकून एकदम शंभर फूट उडी मारतं. पावसाळ्यातलं नेहमीचं दुखणं, स्टॅटिक लाइनमध्ये पाणी. सगळ्यात खालच्या वळणाशी निचऱ्याचं बूच असतं ते उघडलं, चमचाभर पाणी निघालं. चमचाभरच! पाइप वाळवला आणि लीक टेस्ट घेतली. भोकावर रबरी टोपी बसवून हलकेच हवा ओढायची, अल्टिमीटर १,००० फूट वर नेऊन थांबायचं. एक मिनिटात शंभर फुटांच्या वर उतरलं तर कुठेतरी गळतंय. पहिल्यांदा दोनशे उतरलं. एक जोड ढिला होता. तो आवळल्यावर मिनिटभरात पंधरा.

ट्रेनी बाजूला उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "टॅब्लेटवर जीपीएस आहे की मॅडम, मग हे सगळं कशाला?" प्रश्न चांगला आहे. जीपीएस जमिनीवरून तुम्ही किती वेगाने सरकताय ते सांगतो. पाठीमागून तीस नॉटचा वारा असेल तर तो ९० म्हणेल आणि पंखाला मिळत असतील साठच. विमान हवेत उडतं, त्यामुळे हवेलाच विचारावं लागतं. अडीअडचणीला जीपीएसकडे जरूर बघ, वारा किती ते ध्यानात ठेवून बघ, असं म्हटलं.

मग पोर्ट बंद झालं तर काय काय दिसेल ते तिच्याकडून वदवून घेतलं. अल्टिमीटर गोठणार. चढ-उताराची सुई शून्यावर. वेग चढताना खऱ्यापेक्षा कमी, उतरताना जास्त. शेवटचं तिने दोनदा घोळून म्हटलं. उतरताना जास्त, म्हणजे आपण सावकाश असताना. केबिनमधला पर्यायी स्टॅटिक उघडला की सुया थोड्या उडतात, कारण उडत्या विमानाच्या केबिनमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा बहुधा थोडा कमी असतो. वेग आणि उंची दोन्ही जरा जास्त दिसतात. तेही तिने सांगितलं. मला न विचारता.

२३ जून, रविवार

कव्हरं मागवलेली अजून आलेली नाहीत. बाजारपेठेतल्या शिंप्याकडून जाड लाल कापडाची सहा शिवून घेतली, दोन जास्तीची. दोन फिती, एक तुटली तर दुसरी. खाली वीतभर लाल पट्टा, वाऱ्यावर हलेल असा, म्हणजे काढायला कुणी विसरणार नाही. शिंप्याने माप विचारलं तेव्हा खिशातून जुनी, बाद झालेली नळी काढून दिली. तो भोकातून डोळा लावून बघत होता.

मामांनी हँगरच्या कड्यांवर, बिजागऱ्यांवर कुंभारणीची पाच घरं मोजली. पाडायची का, म्हणाले. मी नको म्हटलं. तिची जागा तिथे आहे.

२६ जून, बुधवार

आकाश सकाळी उघडलं. पोरगी आज पुन्हा तीन नंबरच घेऊन एकटी गेली. तिनेच मागितलं.

मी टॉर्च लावून नळी पाहिली, खालचं भोक पाहिलं, पोर्ट पाहिलं. तिने माझ्यामागून तेच सगळं पुन्हा पाहिलं, माझाच टॉर्च घेऊन. मी बाजूला झाले. मग तिने पिटो हीट अर्धं मिनिट लावून बंद केली आणि खाली येऊन तळहाताची मागची बाजू नळीजवळ नेली. "गरम आहे."

क्यू.एन.एच. १००२. अल्टिमीटर २० फूट जास्त. तिने आकडा पाटीवर लिहून घेतला.

रेडिओपाशी उभी होते. इंजिन चढलं. एकटी असली तरी सगळं मोठ्याने म्हणायचं असं शिकवलंय. कॉकपिटमधलं बोलणं रेडिओवर येत नाही, त्यामुळे 'एअरस्पीड अलाइव्ह' ती म्हणाली की नाही ते मला ऐकू येणार नव्हतं. फक्त इंजिन ऐकत राहिले. ते बसलं नाही. चाकं सुटली.

तीन फेऱ्या घेऊन उतरली. विमान जागेवर लागल्यावर मी नवं कव्हर घेऊन गेले. कापड आहे, नळी गार असल्याखेरीज घालायचं नाही. वर ढग होते तेव्हा तिने हीट लावली होती. दोघी पंखाखाली थांबलो. थोड्या वेळाने तिने बोट लावून पाहिलं, मग मी पाहिलं, मग दोन्ही फिती बांधल्या.